धोटेवस्तीचा आमदार

सयाजी खुडे बोलायला लागला की समोरचा माणूस आधी दचकायचा. हा भांडायलाच आलाय असं वाटायचं. पण ते भांडण नसायचं. उमेदीची सगळी वर्षं यंत्रमागाच्या खडखडाटात गेलेली, डावा कान जवळजवळ कामातून गेलेला. आपलं बोलणं आपल्याला ऐकू यावं म्हणून तो मोठ्यानं बोलायचा, इतकंच. पुढं तो नगरसेवक झाला तेव्हा नगरपालिकेच्या सभेत त्याची पाळी आली की शिपाई सरळ माईक उचलून बाजूला ठेवायचा. "खुडेंना ह्याची काय गरज?" म्हणायचा.

सयाजी मूळचा दुष्काळी माण तालुक्यातला, म्हसवडच्या अलीकडच्या एका वाडीचा. बाप मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने परमुलखात असायचा. सयाजीला ती भटकंती नको होती. भावकीतली पोरं मुंबईला गेली. हा मात्र सातारा आणि सांगलीच्या शिवेवर कोंडजाई म्हणून तालुक्याचं गाव आहे, तिथं यंत्रमागाच्या शेडमध्ये चिकटला. लग्न झालं, हरणाबाई आली. शेडच्या मागं सरकारी गायरान होतं. मागवाल्यांनी तिथं पत्रा, विटा, जमेल ते घालून घरं उभी केली होती. त्या वस्तीला लोक धोटेवस्ती म्हणायचे, कारण मागावर सूत घेऊन धावणारे लाकडी धोटे मोडले की त्यांच्या खुंट्या ठोकल्या नाहीत असं एकही घर तिथं नव्हतं. सयाजीनंही तिथंच दोन खोल्या बांधल्या.

शेडमध्ये मतीन शिकलगार जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. लाल बावट्याच्या पक्षाचा तालुक्याचा चिटणीसही तोच. बोलायला गोड, वाचन दांडगं, आणि एकदा नाही म्हणाला की ब्रह्मदेव आला तरी नाही. सयाजीला युनियनमध्ये ओढलं ते त्यानंच. पण सयाजी खरा पेटला तो मोहिद्दीनच्या मरणानं.

मोहिद्दीन हा मतीनचा मेहुणा, त्याच्या बहिणीचा, सुरय्याचा नवरा. सयाजीच्या शेजारच्या मागावर असायचा. कायद्यानं पाळी आठ तासांची, पण शेडमध्ये बारा तास चालायची, आणि बदलीचा माणूस आला नाही की त्याच्याही पुढं. त्या दिवशी बदलीचा आला नव्हता. उन्हाळ्याची दुपार, वरून पत्रा तापलेला. मोहिद्दीनला उभ्या उभ्या डुलकी लागली आणि सदऱ्याची बाही मागाच्या पट्ट्यात गेली. तो ओरडला असणार. त्या खडखडाटात कुणालाच ऐकू गेलं नाही. सयाजीनं सहज मान वळवली तेव्हा माग थांबलेला होता आणि मोहिद्दीन त्याला टेकून उभा असल्यासारखा दिसत होता.

त्यानंतर संप झाला. सयाजी शेडच्या दारात आडवा पडला, लाठ्या खाल्ल्या, सांगलीच्या तुरुंगात जाऊन आला. मालकांनी आठ तासांचं कबूल केलं, थोडे दिवस पाळलं आणि मग हळूहळू पुन्हा बारावर गेले. पण एवढ्यात लोकांनी सयाजीला ओळखलं होतं. नगरपालिकेच्या निवडणुकीत मतीननं त्याला उभा केला आणि धोटेवस्तीनं त्याला निवडून दिला.

नगरसेवक म्हणून सयाजीनं जे केलं ते वस्तीत अजूनही सांगतात. वस्तीला नळ नव्हता. "गायरान हाय, अतिक्रमण हाय, नळ देता येत न्हाई," असं मुख्याधिकारी म्हणाले. दुसऱ्या दिवशी सयाजी वस्तीतल्या बायकांना घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेला. बायकांनी तिथंच धुणी काढली, लेकरांना आंघोळी घातल्या. पाणी केबिनच्या शेजारच्या नळाचं. सुरय्या सगळ्यांत पुढं होती. मुख्याधिकारी खुर्चीवर पाय घेऊन बसले. महिन्याभरात वस्तीला नळ आला, मागोमाग खांब आले, दिवे आले. पुढच्या वेळी सयाजीच्या विरोधात उभं राहायला माणूस मिळेना.

आमदार मात्र तो अपघातानंच झाला. तालुक्यावर वर्षानुवर्षं एकाच घराचं राज्य. त्या घरातले दोन चुलतभाऊ, जयराज आणि ऋषिराज, तिकिटावरून फुटले आणि एकमेकांच्या विरोधात उभे राहिले. गावंच्या गावं दुभंगली. त्या फटीतून सयाजी खुडे थोडक्या मतांनी निघून गेला. निकाल लागला तेव्हा तो मतमोजणीच्या मांडवाबाहेर चहा पीत होता. मतीन पळत आला. त्यानं सयाजीच्या हातातला कप काढून घेतला आणि त्याला मिठी मारली. त्या संध्याकाळी धोटेवस्तीत गुलाल इतका उडाला की हरणाबाईच्या चुलीवरची भाकरी लाल झाली. सुरय्यानं हरणाबाईलाच वरच्या वर उचलली आणि म्हणाली, "आता कोण हात लावतंय बघू आपल्या घरास्नी!"

आणि नेमका तिथंच हात पडला.

गायरानावरची अतिक्रमणं काढा, असा कोर्टाचा हुकूम झाला. त्यात धोटेवस्ती होती. सयाजी धावला. तहसीलदार म्हणाले, प्रांतांकडं जा. प्रांत म्हणाले, कलेक्टरांकडं. कलेक्टर म्हणाले, सरकारनं ठरवलं तर वस्ती नियमित करता येईल, माझ्या हातात काही नाही. सरकारकडं गेला तर मंत्री उठून उभे राहायचे, हात जोडायचे, "या, खुडेसाहेब" म्हणायचे आणि अर्ज खालच्या माणसाकडं द्यायचे. नगरसेवक असताना कुणी त्याच्यासाठी उठत नव्हतं, पण काम व्हायचं. आता सगळे उठत होते आणि काम होत नव्हतं. विधानसभेत त्यानं लक्षवेधी मांडली. उत्तर आलं: प्रकरण तपासून पाहण्यात येईल. पक्षाचा दुसरा आमदार नव्हता. मागच्या बाकावर तो एकटाच. कधी कधी त्याला वाटायचं, आपण इथं ओरडतोय आणि सगळीकडं मागच चालू आहेत.

अशात एक दिवस जयराज धोटेवस्तीत आला. निवडणूक हरल्यावर तो सत्तेतल्या पक्षात गेला होता आणि मंत्र्यांच्या घरात त्याची ऊठबस होती. हरणाबाईनं प्लास्टिकची खुर्ची पुसून दिली. तो बसला, चहा प्याला आणि सरळ मुद्द्यावर आला.

"सयाजीराव, नागपूरच्या अधिवेशनात कामाच्या तासांचं बिल येतंय. पाळी बारा तासांपर्यंत नेता येईल असं. तुमाला ठाऊक असंलच."

"ठाऊक हाय. मी इरोधात बोलणार हाय."

"बोला की. बिल तरीबी पास व्हणार. आकडा सरकारकडं हाय. पण मागावर राबलेला आमदार उठून दोन शब्द चांगलं बोलला, तर त्याची किंमत येगळी. तुमी तेवढं बोला. दुसऱ्या दिवशी वस्ती नियमित करायच्या कागदावर सही. मी मंत्र्यांच्या म्होरं बसून शब्द घेतलाय."

"आणि न्हाई बोललो तर?"

जयराजनं कप खाली ठेवला. "तर कोर्टाचा हुकूम हायच. त्यात मी काय करणार?"

तो थापा मारत नव्हता, हेच वाईट होतं. शेजारच्या तालुक्यातली एक वस्ती अशाच सहीनं वाचली होती; सयाजीनं स्वतः जाऊन पाहिली होती. दोन दिवस त्यानं विचार केला. मग वस्तीची बैठक बोलावली आणि सगळं जसंच्या तसं लोकांपुढं ठेवलं.

मतीन पहिला उठला. "ह्यात इचार कसला करायचा? बारा तासाच्या बाजूनं आपला माणूस बोलला, तर उद्या आपण बावटा कुठल्या तोंडानं धरायचा? आज कायदा आठचा हाय म्हणून भांडता तरी येतंय. तो गेला की भांडणबी गेलं."

"भांडून काय मिळालं, भाईजान?" सुरय्या म्हणाली. ती मागं बायकांत बसली होती. नवरा गेल्यापासून ती शेडमध्ये कांड्यांवर सूत भरायचं काम करत होती. "मी आत्ता बारा तास भरून आलेय. ह्या समद्या आल्यात. कागदावर आठ लिवलं काय आन् बारा लिवलं काय, आमच्या पायांला कळतंय व्हय?"

"सुरय्या, तुझा माणूस बारा तासांनी खाल्ला."

"कायदा आठचा हुता तवाच मेला की तो!"

 मग ती सयाजीकडं वळली आणि तिचा आवाज उतरला. "सयाजीदादा, मला माणूस परत नको. मिळणारबी न्हाई. मला छप्पर पायजे. दोन शब्दच बोलायचं हाय नव्हं? बोल की."

हात वर करायला सांगितलं तर जवळजवळ सगळ्यांनी वर केले. मतीननं केला नाही. हरणाबाईनं केला, नवऱ्याकडं न बघता. सयाजी म्हणाला, "ठरलं. मी बोलतो." मतीन चप्पल पायात सरकवून निघून गेला. त्याचं घर गावात, पेठेत होतं, वडिलोपार्जित. हे सयाजीच्या मनात त्या दिवशी पहिल्यांदा आलं आणि आलं म्हणून त्याला स्वतःचीच लाज वाटली.

नागपूरला थंडी होती. आमदार निवासातल्या खोलीत सयाजीनं ते भाषण पाठ केलं. कुणा अधिकाऱ्यानं लिहून दिलेलं, चांगलं गुळगुळीत भाषण. शब्द काही वाईट नव्हते. जास्त काम, जास्त मिळकत, कामगाराला निवडीचं स्वातंत्र्य. तो आरशासमोर हळू आवाजात बोलून बघायचा, पण हळू बोललं की त्याला स्वतःला काही ऐकू यायचं नाही.

बिल आलं त्या दिवशी विरोधकांनी दुसऱ्याच कारणावरून सभात्याग केला. आजूबाजूची बाकं ओस पडली. सयाजी बसून राहिला. त्याचं नाव पुकारलं गेलं.

"अध्यक्ष महोदय," तो उठून म्हणाला, "मी स्वतः यंत्रमागावर काम केलेलं आहे. त्या अनुभवावरून मला सांगावंसं वाटतं, की कामगाराला जास्त वेळ काम करण्याची मुभा…"

पुढचा शब्द येईना. पाठ होता, जिभेवर होता. सत्ताधारी बाकांवरून कुणी तरी धीर दिल्यासारखं बाक वाजवलं. मंत्री त्याच्याकडं बघून हसत मान हलवत होते, मास्तरांनी पोराला पुढचं आठवून द्यावं तशी. सयाजी पाणी प्याला. त्याला धोटेवस्तीतले वर झालेले हात आठवले, हरणाबाईचा हात आठवला. बोल की, असं त्यानं स्वतःला बजावलं. दोनच शब्द.

"मुभा," तो म्हणाला आणि मग त्याचा मूळचा आवाज सुटला. "आवं, कसली मुभा? बारा तास मागाफुडं उभं ऱ्हायलाय का कवा कुणी हितं? आठव्या तासानंतर माणसाला धोटा दिसत न्हाई, नुसती रेघ दिसती. माझ्या शेजारी मोहिद्दीन नावाचा गडी हुता. उभ्यानं झोपला. झोपंतच गेला. त्याला कुणी मुभा इचारली नव्हती!"

सभागृहात काही जण हसले, त्याच्या आवाजाला. अध्यक्षांनी वेळ संपल्याची घंटा वाजवली. सयाजी बोलतच होता. घंटा डाव्या बाजूला होती, त्याला ती ऐकू आली नाही. शेवटी माईक बंद केला तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

मग मतदान. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं. मोठा, कंटाळलेला होकार उठला. प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं.

"न्हाई!" सयाजी खुडे ओरडला. एकटाच.

"होय म्हणणाऱ्यांचं बहुमत. विधेयक संमत." आणि कामकाज पुढं गेलं, कुठल्याशा विद्यापीठाच्या विषयावर.

बाहेर आला तर फोन वाजत होता. मतीन होता, तो रडत होता. "सयाजी, गड्या, जिंकलास रं!" सयाजीनं फोन बंद केला. थोड्या वेळानं त्यानंच घरी लावला. भाषणाची फीत वस्तीत सगळ्यांनी मोबाईलवर पाहिली होती.

"आवं," हरणाबाई म्हणाली, "तुमी बोलणार हुता नव्हं?"

"बोलायला गेलो हुतो गं. आलं न्हाई त्वांडात."

 मग ती म्हणाली, "तुमाला आमदार निवासात खोली हाय. आमी कुठं जायाचं?"

जेसीबी आले ते सकाळी, लोक पाळीवरून परतायच्या आणि पाळीवर जायच्या मधल्या वेळेत. सयाजी आदल्या दिवशीच नागपूरहून आला होता. तो पहिल्या यंत्रासमोर आडवा झाला, संपाच्या वेळी शेडच्या दारात झाला होता तसा. त्या वेळी पोलिसांनी त्याला फरफटत नेलं होतं. आता तो आमदार होता. इन्स्पेक्टरनं खाली बसून नमस्कार केला. "साहेब, तुम्हीच असं केलंत तर आम्ही कुणाकडं बघायचं?" म्हणाला. चौघांनी त्याला अलगद उचलला, कपड्यांना माती लागू नये अशा बेतानं, आणि गाडीत नेऊन बसवला. कुणी तरी पाण्याची बाटली दिली. सयाजीला वाटलं, ह्यांनी आपल्याला मारावं. कुणी मारलं नाही.

गाडीच्या काचेतून त्यानं स्वतःचं घर पडताना पाहिलं. त्याचं पहिलं पाडलं नाही आणि शेवटचंही नाही. रांगेत आलं तेव्हा पाडलं. हरणाबाई भांडी, पिठाचा डबा आणि लग्नातली ट्रंक घेऊन रस्त्याकडंला उभी होती. सुरय्या मात्र आपल्या दारातून हलेना. दोन महिला पोलिसांनी तिला बाहेर काढली. गाडीजवळून जाताना ती थांबली. सयाजीनं काच खाली केली.

"सुरय्या, माझंबी घर गेलं गं…"

"तुझं गेलं ते तू घालवलंस," ती म्हणाली. शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. "माझं मी दिलं नव्हतं तुला घालवाय. तुझ्या त्या एका न्हाईनं काय थांबलं, दादा? बिल थांबलं? हे थांबलं?"



पंधरवड्यानं सांगलीत पक्षानं त्याचा सत्कार ठेवला. राज्यभरातून लोक आले होते. त्याच्या भाषणाची पत्रकं छापली होती, त्याचा हात वर केलेला फोटो मंचाच्या मागं लावला होता. मतीननं शाल घातली. भाषणं झाली, तत्त्वासाठी घरावर नांगर फिरू दिला, असं एकजण म्हणाला आणि टाळ्या वाजल्या. धोटेवस्तीतलं कुणी आलं नव्हतं. सयाजी बोलायला उठला. माईकसमोर उभा राहिला. सगळं सभागृह गप्प झालं, तो ओरडेल म्हणून.  शाल काढून त्यानं खुर्चीवर ठेवली आणि जिना उतरून खाली आला. मतीन मागून धावला.

"सयाजी, तू बरोबर केलंस रं! एवढं मनाला लावून…"

"तुझं घर पेठंत हाय, मतीन."

मतीनचा चेहरा पडला. तीस वर्षांची दोस्ती, जेलमध्ये एका ताटात जेवलेले. पण त्या एका वाक्यानंतर दोघांत पहिल्यासारखं बोलणं पुन्हा कधी झालं नाही.

धोटेवस्ती पांगली. काही जण उंब्रजच्या बाजूला हायवेकडंच्या धाब्यांवर, गोदामांवर कामाला गेले. काही माणात परतले, जिथून पाणी नाही म्हणून निघाले होते तिथंच. हरणाबाईही म्हसवडला भावाकडं गेली, चार दिवसांसाठी म्हणून, मग राहिलीच. शेडच्या दारावर बारा तासांच्या पाळीचा बोर्ड लागला, कायद्याचं कलम घालून. सयाजीनं उरलेली वर्षं सगळ्यांना दुसरी जागा मिळावी म्हणून काढली. एकदा जागा मिळालीही, डोंगराच्या पोटाला, रस्ता नसलेली. तिथं कुणी गेलं नाही.

पुढच्या निवडणुकीत दोन्ही चुलतभाऊ एक झाले होते. जयराज प्रचंड मतांनी आला. सयाजीचं डिपॉझिट गेलं. वस्तीतल्या लोकांची मतं ज्या शाळेत पडायची, तिथल्या पेटीचा आकडा वाचला तेव्हा मोजणीच्या टेबलावरच्या कारकुनानं त्याच्याकडं बघायचं टाळलं.

आता सयाजी पक्षाच्या जुन्या ऑफिसात राहतो. मागावर त्याला कुणी घेत नाही. एक तर वय झालं आणि माजी आमदाराला कामावर ठेवायला मालक लाजतात. पाळी बदलताना तो शेडच्या दारात उभा असतो. जुने लोक रामराम करतात आणि पुढं जातात. नव्या पोरांना तो कोण ते माहीत नाही.

परवा त्याला सुरय्या आजारी असल्याचं कळलं म्हणून तो तिच्या खोलीवर गेला. शेडच्या मागंच, मालकानं बांधलेल्या पत्र्याच्या चाळीत एक खोली. ती आजारी होती, पण कामाला निघाली होती. पदरात भाकरी बांधत होती. सयाजी दारातच बसला. इतकी वर्षं जे विचारायचं होतं ते त्यानं त्या दिवशी विचारलं, जमेल तितक्या हळू आवाजात.

"सुरय्या, खरं सांग. मोहिद्दीन असता तर त्यानं काय केलं असतं?"

ती थांबली. भाकरीची गाठ पुन्हा एकदा घट्ट केली. 

"मला उशीर हुतोय, दादा," ती म्हणाली. "बसायचं असंल तर बस. जाताना कडी लाव."

ती गेली. पलीकडं माग सुरू झाले. पत्रा, जमीन, सगळं थरथरायला लागलं. सयाजीला उठायचं होतं. पण उठून जायला तसं कुठं नव्हतंच. तो दाराच्या चौकटीला डोकं टेकून तसाच बसून राहिला.